आडनाव म्हणजे मूळ नव्हे

वर कोणीतरी म्हटलंय की फिलिपिनो लोकांची आडनावंच स्पॅनिश, मग ते मूळ शोधणार तरी कुठे? अहो, ती आडनावं बहुतेक स्पॅनिश राजवटीत १८४९ च्या सरकारी हुकुमाने, छापील यादीतून वाटलेली! मूळ त्याआधीचं आहे. फिलिपिन्समधल्या लगुना प्रांतात १९८९ मध्ये सापडलेल्या ताम्रपटावरची तारीख बघा: शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. आपल्या पंचांगासारखीच! मला तर वाचताना भरून आलं. आणि फिलिपिन्सच्याच कलिंगा प्रांतातल्या डोंगरात बुस्कालान गावी वांग-ओद आजी अजूनही काजळीत बुडवलेला काटा काठीने ठोकत गोंदतात. परंपरेने ही विद्या घराण्याबाहेर जात नाही, म्हणून त्यांनी भावंडांच्या नातींना शिकवली. परदेशात वाढलेली फिलिपिनो मुलं डोंगर चढून तिथे गोंदवून घ्यायला जातात.