बोनस चवथीआधी एकरकमी, की दर महिन्याच्या स्लिपमध्ये?

हिशेबनीस (धागाकर्ता)

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहतींत श्रावण लागला की हा वाद ठरलेला. कामगार म्हणतात बोनस चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी द्या, मालक दिवाळीकडे बोट दाखवतो. आता तिसरा पक्ष निघाला आहे. त्यांचे म्हणणे, बोनस बाराने भागून दर महिन्याच्या पगारातच टाका, कटकट संपली.

माझे मत स्पष्ट आहे. किमान बोनस चवथीच्या निदान दहा दिवस आधी खात्यात पडावा, त्यावर जे काही निघेल ते ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावे. महिन्याला तुकडे करून देणे कामगाराच्या तोट्याचे आहे.

आधी नियम, म्हणजे पुढचे वाद हवेत होणार नाहीत. वीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनाला बोनस लागू. वर्षात निदान ३० दिवस काम केलेला माणूस पात्र. किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. वर्ष मार्चला संपत असेल तर आठ महिन्यांची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. १९६५ चा बोनस कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. हे सगळे आकडे तिनेही कायम ठेवले. मासिक वेतन २१,००० पर्यंत असेल तरच पात्रता आणि हिशेब ७,००० वर किंवा किमान वेतनावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर, ही मर्यादा जुन्या कायद्यातली. संहितेने ती सरकारी अधिसूचनेवर सोडली आहे, त्यामुळे चालू अधिसूचना पाहिल्याशिवाय कोणाशी भांडू नका.

सर्वाधिक चूक याच ७,००० मध्ये होते. समजा तुमच्या श्रेणीचे किमान वेतन १३,००० आहे आणि बेसिक अधिक महागाई भत्ता १६,०००. तर हिशेब १३,००० × १२ × ८.३३ टक्के, म्हणजे १२,९९४ रुपये ८० पैसे. कित्येक ठिकाणी डोळे मिटून ७,००० धरतात आणि ६,९९७ रुपये हातावर ठेवतात. जवळपास निम्मे गेले, आणि वर पेढ्यांचा बॉक्स!

ताळेबंद_मडगाव

हिशेबनीस बाब, तुम्ही सगळे कामगाराच्या खुर्चीत बसून लिहिले. ताळेबंद झाल्याशिवाय बोनसचा दर कसा ठरवणार? एकूण नफ्यातून घसारा, प्रत्यक्ष कर आणि बाकीच्या मान्य वजावटी काढल्या की उपलब्ध शिल्लक मिळते. साधारणपणे तिच्या ६० टक्के ही वाटपयोग्य शिल्लक. त्यात मागच्या वर्षांची ओढ धरायची. जास्त उरले तर पुढे न्यायचे, कमी पडले तर पुढच्या वर्षांतून भरून काढायचे, आणि हे चार वर्षांपर्यंत चालते. लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत चालू असते. चवथ कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्यात. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. तेव्हा मालकाने दर कुठून आणायचा?

आणि रोकड? हॉटेलवाल्यांचे जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या. साठ माणसांचा बोनस तुमच्याच हिशेबाने ७,७९,६८८ रुपये. ऐन पावसाळ्यात एवढी रक्कम उभी करायला ओव्हरड्राफ्ट काढावा लागतो.

हिशेबनीस

दर ठरत नाही हे २० टक्क्यांबद्दल खरे, ८.३३ बद्दल नाही. किमान बोनस नफा असो वा तोटा, द्यावाच लागतो. त्याला ताळेबंदाची वाट पाहायची गरज काय? सणाला आगाऊ दिलेली रक्कम अंतिम बोनसातून वळती करायची सोय कायद्यातच आहे. १९६५ च्या कायद्यात तर 'पूजा बोनस' असा शब्दच होता. बंगालात जे पूजेला होते ते गोव्यात चवथीला व्हायला कोणते कलम आड येते?

रोकडीचे म्हणाल तर हा बोनस मागच्या वर्षाचा. त्याची तरतूद मार्चच्या ताळेबंदात असायलाच हवी. दरमहा ६४,९७४ रुपये बाजूला ठेवले असते तर ऑगस्टमध्ये ओव्हरड्राफ्ट लागला नसता. पैसे खेळत्या भांडवलात फिरवले असतील तर तो चवथीचा दोष नाही.

दिवाळीपर्यंत थांबण्यात मालकाचेच नुकसान आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. आयकराच्या ४३ब कलमानुसार बोनस विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी प्रत्यक्ष दिला तरच त्या वर्षाच्या खर्चात धरता येतो. लेखापरीक्षण लागणाऱ्यांची ही मुदत एरवी ३१ ऑक्टोबर. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे. २०२५-२६ चा बोनस त्या दिवशी वाटला तर वजावट एक वर्ष पुढे ढकलली जाते. चवथ १४ सप्टेंबरला, म्हणजे मुदतीच्या दीड महिना आधी.

ताळेबंद_मडगाव

४३बचा मुद्दा मान्य. पण तो 'ऑक्टोबरमध्ये द्या' एवढेच सांगतो, 'चवथीला द्या' असे नाही. पुढच्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली की तुमचा युक्तिवाद संपला. आणि चवथीला निम्मे, नंतर निम्मे असे दोनदा वाटले की दोन रजिस्टर, दोन बँक फाइली आणि 'आम्हाला कमी आले' अशा दोनदा तक्रारी.

मोरजीचो_शॅक

इथे सगळे कारखान्याचेच बोलतात. किनाऱ्यावरच्या शॅकवर दहा-बारा माणसे, म्हणजे वीसच्या खाली, बोनसचा कायदा लागूच नाही. सीझन संपताना मे महिन्यात जे देतात ती बक्षिसी. तिला बोनस म्हणून मिरवू नका आणि मागूही नका.

हिशेबनीस

शॅकपुरते बरोबर. पण ज्याचा शॅक, त्याचेच मागे गेस्ट हाउस आणि रेस्टॉरंट, असे असेल तर माणसे एकत्र मोजायची की वेगळी हा प्रश्न उभा राहतो. एकाच मालकाचे विभाग किंवा शाखा एकच आस्थापना धरतात, वेगळे ताळेबंद ठेवून तसे दाखवले असेल तरच अपवाद. शिवाय हंगामी कामगार म्हणून कोणी सुटत नाही. आस्थापना लागू असेल तर ३० दिवस भरले की पुरे.

दरमहा_बरा

मी त्या तिसऱ्या पक्षातला. तुमचे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: माणूस पुढच्या चवथीपर्यंत त्याच कंपनीत असेल. वेर्ण्याच्या पॅकिंग लाइनवर आज कोण वर्षभर टिकतो? ठेकेदार बदलतो, गेटपास बदलतो, काम तेच. जुना ठेकेदार बोनसच्या वेळी फोन उचलत नाही. निविदेत मात्र त्याने ८.३३ टक्के बोनस म्हणून मूळ कंपनीकडून दर महिन्याला वसूल केलेले असतात. तेच पैसे दर महिन्याला कामगाराच्या खात्यात गेले तर बुडणार कसे?

१३,००० वर महिन्याचे १,०८३ रुपये होतात. खोलीभाड्याला तेवढाच हातभार. सणाला एकदम मिळालेले पैसे फटाके, मोबाइल आणि उधारीत जातात, हे सगळ्यांना माहीत आहे.

हिशेबनीस

कामगार पैसे कसे उडवतो ही चिंता मालकाची नाही आणि आपलीही नाही. मुद्द्याचे बोलू.

दरमहा बोनसात तीन ठिकाणी गळती आहे. पहिली ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची. ईएसआय कायद्याच्या जुन्या व्याख्येत दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतराने दिलेली रक्कम वेतनात धरत नाहीत, म्हणून वार्षिक बोनस बाहेर राहतो. दरमहा दिला की तो वेतनात येण्याचा धोका. ज्याचे एकूण वेतन २०,५००, त्यात १,०८३ मिळवले तर २१,५८३ होतात, म्हणजे ईएसआयची २१,००० ची मर्यादा ओलांडली. चालू अंशदान काळ (वर्गणीचे सहा महिने) आणि त्याच्या मागचा लाभ काळ संपला की मडगावच्या ईएसआय इस्पितळाचे दार बंद. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल तर १,०८३ रुपये फार महाग पडतील.

दुसरी, अंतिम दराची. वर्षाअखेर दर १२ टक्के निघाला तर वरचा ३.६७ टक्के फरक द्यावा लागतो. पण दरमहा देणाऱ्या कंपन्यांत तो हिशेबच कोणी काढत नाही. 'बोनस दिलाय की स्लिपमध्ये' म्हणून विषय मिटवतात.

तिसरी, वाटाघाटीची. स्लिपमध्ये बोनसची ओळ दिसली की नोकरी देताना तो पगारातच मोजला जातो. १९,००० चा पगार १८,००० अधिक बोनस होऊन बसतो.

जुना_गिरणगाव

बोनस म्हणजे मुळात तेरावा पगार, हे कोणी लिहीतच नाही. पूर्वी आठवड्याला पगार होता, वर्षाचे ५२ आठवडे. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला, चार आठवड्यांचा एक महिना, म्हणजे ४८. उरलेले चार आठवडे गिळले. लोक भांडले आणि तेच दिवाळी बोनस म्हणून मिळाले. दर दिवाळीला हा मजकूर फिरतो.

हिशेबनीस

फिरतो, पण टिकत नाही. महिन्याचा पगार २८ दिवसांचा नसतो, पूर्ण महिन्याचा असतो. बारा महिने म्हणजे ३६५ दिवस, त्यात ५२ आठवडे आले. गिळायला काही उरत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बोनस आला तो पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १० टक्के 'युद्ध बोनस' म्हणून. १९२४ मध्ये मालकांनी तो नाकारला तेव्हा मोठा संप झाला, आणि चौकशी समितीने बोनस हा हक्क नाही असेच म्हटले. हक्काचे रूप यायला १९५० चे लवादाचे बोनस-सूत्र, बोनसवरचा मेहेर आयोग आणि मग १९६५ चा कायदा लागला. तेव्हा किमान होता ४ टक्के. ८.३३ झाला १९७२ मध्ये, आणीबाणीत पुन्हा खाली आला, १९७७ मध्ये परतला. ८.३३ टक्के म्हणजे बारा भागांतला एक भाग, म्हणून तो तेराव्या पगारासारखा दिसतो. आणि त्या गिरणीच्या गोष्टी गोव्याला तेव्हा लागू नव्हत्याच, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होते.

सासष्टीकार

चवथ की दिवाळी एवढेच? आमच्याकडे निम्मी पाळी नाताळची वाट पाहते. डिसेंबरच्या पगाराबरोबर बोनस द्यावा अशी विनंती कामगारच करतात.

हिशेबनीस

विनंती समजते, पण मार्चला वर्ष संपत असेल तर डिसेंबर म्हणजे मुदतीनंतर. मुदत वाढवायला मालकाला सरकारकडे अर्ज करून सबळ कारण द्यावे लागते, आणि 'नाताळ आहे' हे कारण पुरेल असे वाटत नाही. त्यापेक्षा कायद्याचा बोनस सगळ्यांना एकाच वेळी द्या आणि नाताळाला ज्यांना हवा त्यांना सण-अग्रिम द्या, पगारातून हप्त्याने वळता करा. धर्मानुसार बोनसच्या तारखा वेगळ्या केल्या की रजिस्टरात गोंधळ आणि पाळीत कुरबूर, दोन्ही हमखास.

कुळागर

वेतन संहितेतली एक गोष्ट राहिली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवतात. सगळे म्हणतात कामगाराचा फायदा. पण समजा बेसिक अधिक महागाई २०,००० आणि भत्ते २४,०००. एकूण ४४,०००, निम्मे २२,०००. वरचे २,००० वेतनात आले की वेतन २२,००० झाले. २१,००० ची मर्यादा कायम राहिली तर कालपर्यंत पात्र असलेला माणूस आज बोनसबाहेर. चवथ-दिवाळीच्या वादापेक्षा एचआरला हे आधी विचारा.

हिशेबनीस

बरोबर पकडलेत. अशांना कंपनी 'एक्स-ग्रेशिया', म्हणजे स्वखुशीने रक्कम देऊ शकते, पण तो कायद्याचा बोनस नव्हे, पुढच्या वर्षी बंद केला तर हातात कलम नाही. युनियनने करारातच लिहून घ्यावे.

दरमहा_बरा

ईएसआयचा मुद्दा मी मानतो, कायमच्या कामगारासाठी. पण मध्येच नोकरी सुटलेल्या कंत्राटी माणसाने काय करायचे ते सांगा.

हिशेबनीस

३० दिवस भरले असतील तर राजीनाम्यानंतरही बोनस देय आहे. फसवणूक, चोरी, आवारात मारामारी किंवा लैंगिक छळाची शिक्षा अशा कारणांनी काढले असेल तरच जातो. पगार स्लिपा, हजेरीच्या मस्टरचा फोटो आणि बँक पासबुक जपून ठेवा. ठेकेदाराला लेखी मागणी करा आणि प्रत मूळ कंपनीच्या एचआरला द्या, कारण ठेकेदाराने बुडवले तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी टाकायची सोय संहितेत आहे. उत्तर नाही आले तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात अर्ज. संहितेत दाव्याला तीन वर्षे मिळतात, जुन्या कायद्यात एकच होते.

दरमहा_बरा

म्हणजे १,०८३ च्या हिशेबाने पाच महिन्यांचे ५,४१५ रुपये मिळवायला झारखंडहून पणजीला दोन-तीन फेऱ्या. कंत्राटी माणसासाठी मी दरमहाच म्हणणार. फक्त स्लिपवर 'बोनस अग्रिम' असे लिहा आणि फरकाचा हिशेब सप्टेंबरमध्ये फलकावर लावा.