क्राकूवच्या सेंट मेरी चर्चमधली लाकडी वेदी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात बाबांना घेऊन पोलंडला जातोय. बाबा आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे, त्यामुळे वावेलचा किल्ला, विएलिच्काची मिठाची खाण वगैरे त्यांच्या लेखी जमलं तर ठीक. त्यांना बघायचीय ती मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चमधली वेदी, म्हणजे कपाटासारखी दारं असलेला कोरीव मूर्तींचा भलामोठा लाकडी देखावा. न्यूरेंबर्गहून आलेल्या वित स्त्वोश या शिल्पकाराने १४७७ ते १४८९ या काळात ती घडवली. सांगाडा ओकचा, मूर्ती लिंडेन या मऊ लाकडाच्या, मोठ्या मूर्ती तर पुरुषभर उंचीच्याही वर. मोबाइलवर फोटो ताणून ताणून बाबा येशूच्या शिष्यांच्या हातांवरच्या शिरा दाखवतात आणि विचारतात, "इथे पटाशी कुठली चालवली असेल रे?" मी आयटीवाला, काय डोंबल सांगणार!

तर अडचण अशी. वेदीची दारं बंद असतात आणि दुपारी बाराच्या जरा आधी उघडतात. बंद दारांवरही येशू-मेरीच्या आयुष्यातले बारा प्रसंग कोरलेत, म्हणून बाबांना बंद आणि उघडी, दोन्ही बघायचीत. त्यासाठी किती आधी आत जाऊन जागा धरावी? मे महिन्यात तिकिटाला रांग कितपत असते? बाबांचे गुडघे कुरकुरतात, फार वेळ उभं राहणं होत नाही. बाकांवर बसू देतात का, की दोरी लावून सगळ्यांना उभंच ठेवतात?

प्रार्थनेला येणाऱ्यांचं दार वेगळं आणि फुकट आहे, हे माहीत आहे. पण भाविकाचा आव आणून घुसणं पटत नाही, तो सल्ला कृपया देऊ नका.

दुसरं म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावरचा ट्रम्पेट. अग्निशमन दलाचे जवान दर तासाला चार दिशांना वाजवतात आणि सूर मध्येच तोडतात (दंतकथा अशी की तातारांचा हल्ला आल्याचा इशारा वाजवणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला आणि सूर तिथेच तुटला). बाराचा हुकणार हे उघड आहे, आम्ही आत असू. एकचा ऐकायला चौकात कुठे थांबलं तर वाजवणारा दिसतोही? मनोरा चढायचा बेत नाही.

आणखी एक, वेदीचा वरचा भाग खालून नीट दिसतो का? घरी पक्षी बघायची ८ बाय ४२ दुर्बीण आहे. चर्चमध्ये ती डोळ्याला लावली तर कुणी हटकेल का? कुणी नेली असेल तर जरूर सांगा, म्हणजे सामानात टाकतो.