आईचे फेंगडे पाय: हाड कापून सरळ करायचं की वाटीच बदलायची?

कोयनाकाठ:
आई ५३ वर्षांची, जन्म शेतात गेला. उभी राहिली की दोन गुडघ्यांमधून मांजर जाईल एवढी फट. उजव्याची आतली गादी पार घासलीय, बाहेरची शाबूत. एक डॉक्टर म्हणतात वाटी बदला, दुसरे म्हणतात नडगीचं हाड कापून पाय सरळ करू, सांधा स्वतःचाच राहील. धडधाकट हाड कापायचं म्हटल्यावर आईने हातच जोडले. कुणी केलंय का?

सांगलीवाला:
मी केलंय, ५५ चा होतो. आतल्या बाजूने कापतात पण आरपार नाही, बाहेरच्या कडेला सेंटिमीटरभर सोडतात, तीच बिजागरी, मग फट उघडून प्लेट नि स्क्रू. माझी ११ मिलिमीटर उघडली. सहा आठवडे वॉकर, पाय नुसता टेकवायचा, कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा नाहीतर हाल होतात. हाड भरायला पाच महिने लागले, तंबाखूमुळे, डॉक्टर आधीच ओरडले होते. आता पंगतीत मांडी घालून बसतो. थंडीत प्लेट टोचते एवढंच.

ऑर्थो_रातपाळी:
उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढलाय का? नुसत्या गुडघ्याच्या फोटोवर हे ठरत नाही. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ मारली की आईची ती गुडघ्याच्या आतल्या कडेने किंवा त्याच्याही आतून जाणार, म्हणजे सगळा भार घासलेल्या बाजूवर. ऑपरेशनने ती मध्याच्या जरा बाहेर नेतात, आतल्या कडेपासून गुडघ्याच्या रुंदीच्या साधारण ६२ टक्क्यांवर. वाक फारच असेल आणि सगळा नडगीतूनच काढला तर सांधा तिरका होतो, अशा वेळी कधी कधी मांडीचं हाडही कापावं लागतं, हे नक्की विचारा. आमवात असेल किंवा गुडघा नीट सरळच होत नसेल तर मात्र हा नाद सोडा.

मिरजेची_सून:
सासूबाईंना आठ वर्षांनी वाटी बदलावी लागलीच, त्याआधी प्लेट काढायचं वेगळं ऑपरेशन. पण ती आठ वर्षं त्यांनी गोठा सांभाळला हेही खरं. साठीच्या पुढे असत्या तर मी थेट वाटीच म्हटलं असतं.

कोयनाकाठ:
लांब एक्स-रे काढलाच नाही हो कुणी! सोमवारी नेते. आणि एक, आई रोज मिश्री लावते, ते तंबाखूतच धरायचं का?

सांगलीवाला:
ताई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की. आजपासून डबी लपवा.