बापाची रजा बापानेच घ्यावी, नाहीतर ती बुडावी

शाईपेन

नोकरीला लागताना मुलगा-मुलगी बरोबरीने लागतात, पगारातही फारसा फरक नसतो. फाटा फुटतो तो पहिल्या बाळंतपणानंतर. अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या सरकारी नोंदी तपासून २०१९ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा: पहिलं मूल झाल्यावर बाईची कमाई पुरुषाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. बापाच्या कमाईवर ओरखडाही उठत नाही. पाळणाघरांची उत्तम सोय असलेल्या देशातली ही गत!

आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. ती हवीच. पण त्याच कायद्यात बापासाठी एक दिवसही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगीत सगळी मालकाची मर्जी. मूल हा आईचा प्रश्न, असं कायद्यानेच लिहून दिल्यासारखं आहे हे. मग मुलाखतीला तिशीतली बाई आली की समोरच्याला तिच्या कामाआधी तिची रजा दिसते.

आमच्या विभागातली एक सहकारी रजेवरून परतली, तोवर तिचे सगळे मोठे क्लायंट दुसऱ्याकडे गेले होते. "तुला एवढ्यात धावपळ नको," असं म्हणत तिला दर सोमवारचे अहवाल एकत्र करायचं काम दिलं. बोलणारे सगळे आपुलकीनेच बोलत होते. वर्षअखेरीला मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये 'ग्राहकांशी थेट काम' या रकान्यात लिहायला तिच्याकडे काहीच नव्हतं. बढती तिथेच अडली.

म्हणून माझी मागणी: बापाला किमान तीन महिने भरपगारी रजा. ती आईच्या नावावर करता येणार नाही, आणि घेतली नाही तर बुडेल. नॉर्वेने १९९३ मध्ये बापांसाठी चार आठवडे राखून सुरुवात केली. स्वीडनमध्ये आज दोघांचे ९०-९० दिवस राखीव आहेत.

नफातोटा

पगार कोण देणार ते आधी सांगा. माझ्या कारखान्यात २२ माणसं आहेत. ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेच्या पगारमर्यादेत बसणाऱ्या बाईचे पैसे त्या योजनेचं महामंडळ देतं. पण पगार त्या मर्यादेच्या वर असलेली डिझायनर रजेवर गेली की २६ आठवड्यांचा पगार माझ्या खिशातून जातो, वर बदली माणसाचा वेगळा. कायद्याने भार मालकावर टाकला आणि अनेक मालकांनी गुपचूप बायका घेणंच कमी केलं. मी याचं समर्थन करत नाही, पण धंद्यात हे चालतं आणि सगळ्यांना माहीत आहे. त्यात आता पुरुषांचे तीन महिने आले, तर लहान कारखानदाराने टाळंच लावायचं.

दुर्वांकुर

माझा आक्षेप पैशांचा नाही. घरी कोणी थांबायचं ते नवरा-बायको बघून घेतील, तिथे सरकारचं काय काम? लेक शाळेत जाईपर्यंत मी घरी राहिले. मला कोणी बसवलं नव्हतं. ते दिवस मला हवे होते आणि मी ते घेतले. तुमच्या आकडेवारीत ती माझी 'मागे पडलेली कमाई' होते, याचा मनापासून राग येतो. शिवाय बाळंतपणात शरीर झिजतं ते बाईचं, अंगावर पाजायचं तिनेच. तीन महिने बाप घरात बसून करणार काय?

शाईपेन

@दुर्वांकुर, तुमच्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे. पण तुमच्या यजमानांनी हाच निर्णय घ्यायचा म्हटला असता, तर त्यांच्या साहेबाने तो ऐकून तरी घेतला असता का? एकालाच दार उघडं असेल तर ती निवड दोघांनी मिळून केली असं कसं म्हणायचं? ज्याचा पगार कमी त्याने थांबायचं हा हिशेब घरोघरी होतो, आणि कमी पगार बहुधा बाईचाच असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. यात अंगावर पाजण्याचा भाग किती आणि भांडी-कपड्यांचा किती?

@नफातोटा, तुमचं म्हणणं पटतं. रजेचा पगार मालकाच्या खिशातून जाऊ नये, तो सामाजिक विम्यातून यावा. स्वीडनमध्ये तसाच येतो.

मागचा_बाक

विद्यापीठात शिकवतो. मुद्द्याला पाठिंबा आहे, उपायाबद्दल शंका आहे. अमेरिकेतल्या अव्वल अर्थशास्त्र विभागांनी मूल झाल्यावर आई-बाप दोघांनाही संशोधन दाखवून नोकरीत कायम होण्याची मुदत एक वर्षाने वाढवून दिली. २०१८ मध्ये त्यावरचा अभ्यास आला: पुरुष कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं! पुरुषांनी त्या वर्षात मोठ्या नियतकालिकांत जास्त निबंध छापून आणले. तुमचे तीन महिने असेच वापरले जाणार नाहीत कशावरून?

रिकामी_ओंजळ

मला मूल नाही, होणारही नाही. तरी बाहेरगावच्या प्रकल्पाची जबाबदारी दोनदा हातची गेली. "रात्री-बेरात्री साइटवर तुम्हाला कसं पाठवायचं?" पाठवू का, हे मला विचारलंच नाही, परस्पर ठरलं. आणि रजेवर गेलेल्यांचं काम कोणाकडे येतं? आमच्याकडेच, "तुला काय, घरी कोणी वाट बघत नाही." बापांच्या रजेने यातलं काय बदलेल ते सांगा. आईपण हा अडथळ्याचा एक भाग आहे. सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरली की आमच्यासारख्या बायका पुन्हा बाहेरच.

पायरी

राजकारणातही हेच. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. जागा मिळाली, पण वेळ कुठून आणायचा? मी सदस्य होते. कोणाला उभं करायचं हे ठरवणारी बैठक रात्री दहानंतर कोणाच्या तरी ओसरीवर व्हायची. मी तेव्हा मुलांना निजवत असायचे, नवरा बैठकीला. सरपंचपतींवर सगळे टीका करतात. त्या वेळी घरी कोण होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

शाईपेन

@मागचा_बाक, त्या विभागांनी मुदत वाढवली, मूल कोण सांभाळतंय हे पाहिलं नाही. म्हणून माझी अट अशी की बापाची रजा आई कामावर परतल्यानंतरच सुरू व्हावी. घरात बाळ आणि तो, दुसरं कोणी नाही. कॅनडातल्या क्वेबेकने २००६ मध्ये बापांसाठी पाच आठवडे राखून ठेवले. रजा घेणारे बाप झपाट्याने वाढले आणि पुढे काही वर्षांनीही त्या घरांत बापाचं घरकाम जास्त दिसलं.

@रिकामी_ओंजळ, साइटच्या बाबतीत माझ्या मागणीचा तुम्हाला उपयोग नाही, हे खरं आहे. तिथे लेखी नियम हवा: जबाबदारी द्यायची की नाही ते उमेदवाराला विचारून ठरेल आणि नकाराचं कारण कागदावर येईल. उरलेल्या माणसांवर काम पडतं त्याचं उत्तर बदली माणूस हेच आहे, तुमची संध्याकाळ नव्हे.

नफातोटा

पगार विम्यातून आला तर माझा विरोध निम्म्याने कमी. पण बदली माणूस आणायचा कुठून? माझ्या यंत्रावर हात बसायलाच चार महिने लागतात, तीन महिन्यांसाठी कोण येईल?

शाईपेन

मग सलग देऊ नका. स्वीडनमध्ये रजा अर्ध्या, पाव दिवसाचीही घेता येते. तुमच्या कारागिराने आठवड्यातले दोन दिवस घरी राहायचं, जवळपास नऊ महिने. यंत्र बंद पडणार नाही आणि त्या दोन दिवसांत त्याची बायको पूर्णवेळ कामावर असेल.

दुर्वांकुर

दोन दिवसांचं असेल तर माझ्या जावयाला मी स्वतः सांगेन. बुडण्याची अट मात्र अजून पटलेली नाही.

शाईपेन

अट काढली तर रजा पुन्हा कागदावरच राहील. साहेबाला "मला घ्यायची आहे" म्हणणं कठीण जातं. "नाही घेतली तर बुडेल" हे म्हणता येतं.