कॅन्सरचं निदान झाल्यावर सोबतच्या माणसाने काय सांभाळायचं? (पुणे)

उपचार कोणता घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील. घरच्यांच्या हातात असतात कागद, पैसे आणि वेळा, आणि गाडं अडतं तेही तिथेच. इथे फक्त त्याबद्दल लिहूया, ज्याने-त्याने वर आपल्या भागाचं नाव टाकून.

कोथरूड
बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड्स (त्याचे काचेवरचे पातळ काप) दोन्ही मागून घ्या. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा मेमोरियलला जायचं असेल, तर तिथले पॅथॉलॉजिस्ट नुसता रिपोर्ट वाचत नाहीत, स्लाइड स्वतः पाहतात. पुढच्या तपासण्याही ब्लॉकवरच होतात. उदाहरणार्थ, स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू (HER2) या प्रथिनाची तपासणी '2+', म्हणजे अनिश्चित आली, तर फिश (FISH) ही जनुकाची तपासणी करावी लागते. ती त्याच ब्लॉकमधून होते आणि औषध बदलू शकतं.

अर्ज लेखी द्यावा लागतो. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर काउंटरवरच जुळवून पाहा, घरी येऊन नाही. ब्लॉक मेणाचा असतो, एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पुढे जिथे जमा कराल तिथली पोच घ्या, नाहीतर परत मागताना हेलपाटे होतात.

हडपसर
वरच्यात भर. पेट-सीटीचा (कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) छापील रिपोर्ट पुरत नाही, सीडी मागा. स्कॅनच्या आधी साधारण 6 तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी व्यायाम किंवा दमवणारं काम नको, कारण स्नायू साखर ओढतात आणि चित्र बिघडतं. मधुमेह असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. साखर 200 च्या वर असली की बरीच सेंटर्स स्कॅन पुढे ढकलतात आणि मोलाचे दिवस जातात.

सिंहगड रस्ता
मेडिक्लेमवाल्यांनी सगळ्यात आधी पॉलिसीतली रूम-रेंटची मर्यादा वाचावी. पॉलिसी 5 लाखांची, मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. तुम्ही 8,000 ची खोली घेतलीत तर फक्त 3,000 चा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस यांतलेही 8 रुपयांमागे 5 च मंजूर होतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू नाही. बिलात ती लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या.

कॅशलेसची (बिल विमा कंपनी थेट रुग्णालयाला भरते ती सोय) मंजुरी 1 तासात आणि डिस्चार्जची 3 तासांत द्यावी, असं आयआरडीएआयचं (विमा नियामक संस्था) 2024 चं परिपत्रक सांगतं. टीपीए डेस्कवर (रुग्णालयातला विम्याचा काउंटर) शांतपणे पण ठामपणे हे बोलून दाखवावं. डे-केअर केमोला (त्याच दिवशी घरी सोडतात ती) बहुतेक वेळा दर सायकलला नवी मंजुरी लागते. ती आदल्या दिवशीच टाकायला सांगा, म्हणजे रुग्णाला रिकाम्या पोटी खुर्चीत ताटकळावं लागत नाही.

येरवडा
विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत आहे का आणि *तो उपचार* तिथे योजनेतून होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) दोन्ही विचारा, आणि भरती होण्याआधी विचारा. रोखीने बिल भरून झाल्यावर योजनेत शिरणं फार अवघड. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. 'सुलोचना' आणि 'सुलोचनाबाई' एवढ्या फरकानेसुद्धा फाइल अडकते.

धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत) आणि 10 टक्के सवलतीत (3,60,000 पर्यंत) असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून बायोप्सीच्या आठवड्यातच अर्ज करून ठेवा. बिलिंग काउंटरवर वाद घालू नका, तिथल्या समाजसेवा विभागाकडे जा.

वारजे
केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला की सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजले तरी. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी तळाला जातात, तेव्हा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. आधी पॅरासिटामॉल देऊन 'बघू उतरतो का' हा घरोघरी होणारा घोळ. त्याने ताप झाकतो, संसर्ग नाही. इमर्जन्सीत शिरताना पहिलं वाक्य 'केमो चालू आहे' हेच असू द्या.

आणि वेदनांसाठी पॅलिएटिव्ह टीमकडे (दुखणं आणि त्रास कमी करणारे डॉक्टर-नर्स) उपचार चालू असतानाच जा. इथे वारजेला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, तिथे सेवा मोफत मिळते. मॉर्फिन सुरू झालं तर पोट साफ होण्याचं औषधही त्याच दिवसापासून डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाहीतर बद्धकोष्ठतेने हैराण होऊन रुग्ण गोळीच बंद करतो.