१९७५ चे सेसना १७२: खर्च आधी इंजिनावर की उपकरणांवर?

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो आणि १९७५ सालचे सेसना १७२ एम हे चार आसनांचे छोटे विमान विकत घेण्याच्या विचारात आहे. इंजिनाचे तास कमी आहेत, पण ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती) होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. व्हॅक्यूम पंपावर चालणारी जुनी जायरो उपकरणे (विमानाचा कल व दिशा दाखवणारी) काढून गार्मिन जी५ ही इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवावीत, की पैसा इंजिनासाठी राखावा? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: इंजिनासाठी राखावा, असे माझे ठाम मत आहे. या विमानातील लायकमिंग ओ-३२० इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी कंपनी २००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते सुचवते; खासगी मालकावर ही मर्यादा बंधनकारक नाही, तरीही वर्षांचा हिशेब दुर्लक्षू नये. या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर असतो, त्यामुळे विमान महिनोन्महिने उभे राहिले की तेल निथळून जाते, कॅमवर (कॅमशाफ्टवरील उंचवट्यांवर) गंज चढतो आणि पुढे त्यांवर टेकणारे टॅपेट झिजू लागतात. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडर आतून दिसतात, कॅम दिसत नाही. म्हणून विक्रेता तयार असल्यास एक सिलिंडर उतरवून कॅम प्रत्यक्ष पाहावा. ऑइल फिल्टर कापून धातूचे कण अवश्य तपासावेत.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे. सीटच्या रुळांची झीजही तपासून घ्या, कारण उड्डाण करताना सीट मागे सरकल्याने अपघात झाले आहेत. नियंत्रित हवाई क्षेत्रांत जायचे असेल, तर २०२० पासून बहुतेक ठिकाणी सक्तीचे झालेले एडीएस-बी आउट (विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारे उपकरण) विमानात आहे का, हेही पाहा. नसेल तर जी५ च्या आधी ते बसवा.