मदत हवी आहे : थिंकपॅड टी४३० चा प्रोसेसर बदलावा का?

नमस्कार.

माझ्याकडे लेनोवोचा थिंकपॅड टी४३० हा २०१२ सालचा लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा आय५-३३२०एम हा प्रोसेसर असून त्याच्या जागी आय७-३६३२क्यूएम बसवावा, असा माझा विचार आहे. हे करावे की नाही, आणि करायचे झाल्यास कोणती काळजी घ्यावी, याविषयी ज्यांनी असे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

लॅपटॉप कशासाठी वापरतो ते आधी सांगतो, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या मासिकांचे बांधीव अंक आहेत, आणि त्यांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. ती पाने मी स्कॅन करतो, स्कॅन टेलर या प्रोग्राममध्ये सरळ आणि स्वच्छ करतो, आणि शेवटी टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून त्यांतला मराठी मजकूर ओळखून घेतो. पहिल्या दोन टप्प्यांत जो वेळ जातो तो माझ्या हातांचा. तिसऱ्या टप्प्यात मात्र यंत्रच अडते. एका पानाला सरासरी पंचवीस सेकंद लागतात, म्हणजे दीडशे पानांच्या अंकाला तासाहून अधिक, आणि असे दोनशेच्या वर अंक अजून बाकी आहेत.

एसएसडी बसवून झाली आहे, रॅम ८ जीबी केली आहे, आणि विंडोज काढून लिनक्स मिंट घातले आहे. त्यामुळे लॅपटॉप सुरू होणे, फाइल उघडणे हे सगळे झटपट होऊ लागले. मजकूर ओळखण्याच्या वेळात मात्र काहीच फरक पडला नाही.

तालुक्याच्या ठिकाणी दोन दुकानांत विचारले. पहिल्या ठिकाणी ‘लॅपटॉपचा प्रोसेसर कधीच बदलता येत नाही, नवीन घ्या’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘कोणताही आय७ आणा, बसवून देतो’ असे. दोन्ही उत्तरे बरोबर नसावीत, असे वाचनानंतर माझे मत झाले आहे. माझ्या भावाच्या लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू आहे; ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असते असे प्रोसेसर मदरबोर्डवर थेट झाळलेले असतात, आणि पाचव्या पिढीपासून इंटेलने लॅपटॉपसाठीचे सॉकेटवाले, म्हणजे खाचेत बसवलेले आणि बदलता येणारे, प्रोसेसर काढणेच थांबवले. त्यामुळे आजच्या बहुतेक लॅपटॉपांपुरते पहिल्या दुकानदाराचे म्हणणे खरेच आहे. परंतु टी४३० मध्ये तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला आहे. कीबोर्ड आणि तळहात टेकण्याची पट्टी काढून, पंखा उचलून मी तो स्वतः पाहिला. चिपवरची, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, आणि सॉकेटच्या कडेला चपट्या पेचकसाने अर्धा फेरा फिरवायचा कुलूपाचा स्क्रू स्पष्ट दिसत होता. चौथ्या पिढीचा सॉकेट वेगळा असल्याने ‘कोणताही आय७’ इथे चालणार नाही, हेही तितकेच खरे.

आताच्या प्रोसेसरमध्ये दोन कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि ३ एमबी कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान स्मृती) आहे. ३६३२क्यूएममध्ये चार कोअर आणि ६ एमबी. दोन्हींची उष्णतेची मर्यादा ३५ वॉट आहे. माझ्या शंका अशा : आहे तोच पंखा आणि ६५ वॉटचा चार्जर पुरेल का? त्याऐवजी ४५ वॉटचा ३७२०क्यूएम घेण्यात काही अर्थ आहे का? आणि माझ्या कामाला चार कोअरचा खरोखर उपयोग होईल का?

प्रतिसाद १

मी माझ्या टी४३० मध्ये हाच बदल केला आहे, म्हणून लिहितो. ३५ वॉटच्या चिपला पंखा आणि चार्जर दोन्ही पुरतात. ४५ वॉटची चिप बसेल, पण सलग कामात ती तापली की स्वतःच वेग कमी करते, आणि आपण ज्यासाठी पैसे मोजले तेच हाती लागत नाही.

मात्र सुटे एक पान पूर्वीपेक्षा लवकर होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्या चिपचा टर्बो वेग (भार पडल्यावर गाठता येणारा कमाल वेग) ३.३ गिगाहर्ट्झ आहे, तर ३६३२क्यूएमचा ३.२. फायदा होतो तो अनेक पाने एकाच वेळी चालवली तरच. टेसरॅक्ट एका पानासाठी चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे भाग) वापरते खरे, परंतु त्यांचा बराच वेळ एकमेकांची वाट पाहण्यात जातो. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ हे थ्रेडची संख्या ठरवणारे चल (सेटिंग) १ वर ठेवा आणि पॅरलल या आज्ञेने चार पाने एकदम सोडा. हे आहे त्या प्रोसेसरवरच आधी करून पाहा, पेस्टही नवी लावा, आणि मगच खरेदीचे ठरवा.

खरेदी करताना एक गोष्ट कटाक्षाने पाहा. ३६३२क्यूएम हे एकच नाव सॉकेटच्या आणि झाळण्याच्या अशा दोन्ही प्रकारांत विकले जाते. विक्रेत्याकडून चिपच्या खालच्या बाजूचा फोटो मागवा. पिना दिसल्या पाहिजेत, बारीक गोळे दिसले तर ती आपल्या कामाची नाही. जुनी चिप बसलेली असतानाच बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून घ्या. नवी चिप बसवताना तिच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा आणि वरून दाब अजिबात देऊ नका. या चिपवर धातूचे झाकण नसते, त्यामुळे पंखा तिरका टेकला तर सिलिकॉनचा कोपरा उडू शकतो. म्हणून त्याचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पेस्ट बदलली आणि आपण सांगितल्याप्रमाणे चार पाने एकदम लावली. ज्या अंकाला ६३ मिनिटे लागली होती, तोच अंक ३८ मिनिटांत झाला, तोही प्रोसेसर न बदलता. या काळात दोन्ही कोअर पूर्ण भरलेले होते आणि तापमान ८० अंशांच्या खाली राहिले, त्यामुळे आणखी दोन कोअर माझ्या कामी येतील याविषयी आता शंका उरली नाही. ३६३२क्यूएमच घेणार आहे. एका विक्रेत्याने वरच्या बाजूचा फोटो पाठवला होता, त्याला चिप उलटी करून दुसरा पाठवायला सांगितले आहे.